रोह्याच्या माणसाचा इम्यून राक्षस

पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात आम्ही दोघं रंगकाम करायचो, मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. दुपारी जेवण झालं की रंगाचे डबे बाजूला सारून पत्ते मांडायचे. पत्ते म्हणजे तीन पत्ती नव्हे हो. राक्षस, जादूगार छापलेली ती कार्डं, खाली बारीक इंग्रजीत प्रत्येकाचा इफेक्ट लिहिलेला असतो ती. तिसरं कोणी नव्हतं आणि मला नकोच होतं.

मग तो रोह्याचा उगवला. तिथल्या कुठल्याशा कंपनीत कामाला. सुट्टी असली की गाडी पकडून पेणला, तिथून एसटीने थेट आमच्यात. त्याच्याकडे एक दगडी राक्षस होता, इम्यून. समोरच्याच्या कार्डाचा कुठलाच इफेक्ट त्याला लागायचा नाही. जाळा, उडवा, झोपवा, हा आपला ढिम्म! माझा दोस्त ते कार्ड दोन्ही हातांत धरून असा बघत बसायचा की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढी वर्षं मी समोर बसतोय, माझं एक कार्ड कधी असं धरलं नाय पठ्ठ्याने.

त्यात पनवेलला या कार्डांची जोडीने खेळायची स्पर्धा निघाली. दोस्त म्हणाला, "तुम्ही दोघं खेळा. जिंकेल तो माझ्याबरोबर."

म्हणजे माझीही परीक्षा! त्या उपऱ्याबरोबर! मी "बरं" म्हटलं, पण आतून नुसता जळत होतो.

डाव लागला. राक्षसाने माझी कार्डं एकेक करून खाल्ली. शेवटी मी एक साधं कार्ड टाकलं: समोरच्या खेळाडूने त्याच्या मांडलेल्या कार्डांतलं एक स्वतःच निवडून बाद करायचं. त्याच्यापुढे राक्षसाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

"चालणार नाय," रोह्याचा म्हणाला. "माझा इम्यून हाय."

"इफेक्ट राक्षसावर नाय रे, तुझ्यावर हाय!" मी ओरडलोच. "डोळ्यांची आखणी झाली की आमच्यात मूर्तीला मालकाशिवाय कोणी हात लावत नाय. पण मालकाला सांगितलं, एक मूर्ती बाहेर काढ, तर तो स्वतःच्या हाताने काढतोच ना?"

आम्ही दोघांनी दोस्ताकडे पाहिलं. त्याने दोन्ही कार्डं नीट वाचली, बराच वेळ.

"हा बरोबर बोलतोय," तो म्हणाला. "राक्षस जाईल."

रोह्याचा हसला, "च्यायला, हे माहीतच नव्हतं," म्हणत त्याने राक्षस बाजूला ठेवला. उरलेला डाव मी सहज मारला. बोंब मारून कारखाना डोक्यावर घेतला. आता बस म्हणावं रोह्यात तुझा राक्षस घेऊन!

तो एसटीला निघून गेल्यावर दोस्त ब्रश धुवायला बसला. मी पनवेलचे बेत सांगत सुटलो होतो.

"येतो मी तुझ्याबरोबर," तो मान वर न करता म्हणाला. "शब्द दिलाय. पण खरं सांगू? मला त्याच्याबरोबर जायचं होतं."