मुक्काम शाळेत

“झोपायला कोणी पैसे देतं का, गुरुजी?”

बाईंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते रत्नागिरीला, प्रशिक्षणाच्या वेळी. मी नुकताच सोलापूरकडून बदली होऊन अंजनवेलजवळच्या आमच्या शाळेत आलो होतो. बाई तिथे मुख्याध्यापिका. प्रशिक्षण दोन दिवसांचं, म्हणून मी स्टँडजवळ एक लॉज बघितला. बाईंनी त्या लॉजच्या पाटीकडे असं पाहिलं, की जणू कोणी आपल्याला फसवतंय आणि आपण हसत हसत फसतोय. मग त्या पिशवी खांद्याला लावून एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी निघून गेल्या.

सकाळी मी ढेकणांनी चावलेले हात खाजवत हजर झालो. बाई आंघोळ करून, केसांत अबोली माळून आलेल्या. माझ्यासाठी डब्यात गरम घावणे आणि वर ओल्या खोबऱ्याची चटणी. “पैसे देऊन जागलात,” एवढंच म्हणाल्या.

प्रवासात कमी खर्च करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतली काही बरोबरच्यांच्या जिवावर जेवतात. बाई तशा नव्हत्या. त्यांची पिशवी सगळ्या एसटीची असायची. फणसपोळी निघाली की कंडक्टरपासून मागच्या बाकावरच्या आजोबांपर्यंत जायची. हायवेच्या हॉटेलात गाडी थांबली की त्या फक्त पाय मोकळे करायला उतरत. बाटलीतलं पाणी विकत घेणाऱ्याची मात्र त्यांना मनापासून दया यायची. “आजारी आहेत का हो ते?” असं हळूच विचारायच्या.

हा सगळा काटकसरीपणा कशासाठी, ते मला सहलीच्या वेळी कळलं.

एक एजंट शाळेत रंगीत पत्रक घेऊन आला होता. वॉटर पार्क, हॉटेल, दोन वेळचं जेवण. बाईंनी पत्रक नीट वाचलं आणि परत केलं. आमच्या शाळेत बहुतेकांचे वडील मुंबईत नोकरीला, काहींची भातशेती, काहींचं तेही नाही. दर वर्षी सहलीला निम्मी मुलं जात आणि निम्मी पुढचा आठवडाभर त्यांच्या गोष्टी ऐकत.

“सगळी येणार असतील तर ती शाळेची सहल,” बाई म्हणाल्या. “नायतर ती पैसेवाल्यांची.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुमचा तो मित्र घाटावर मास्तर आहे ना? त्याच्या शाळेला वर्ग किती?”

“सात. का?”

“रात्री रिकामेच असतात की!”

असं ते सुरू झालं. आमच्या मुलांनी त्यांच्या शाळेत मुक्काम करायचा, गावातल्या घरांत दोघादोघांनी जेवायचं. मग त्यांची मुलं समुद्र बघायला येतील तेव्हा आमच्या शाळेत राहतील, आमच्या घरी जेवतील. राहण्याजेवणाचा खर्च कोणालाच नाही. एसटीची सहलीची गाडी तेवढी करायची. त्या डिसेंबरात एकही मूल मागे राहिलं नाही.

घाट चढून गाडी माळावर आली तेव्हा पहिलीतलं एक पोरगं खिडकीला नाक लावून म्हणालं, “बाई, हितले डोंगर कुठं ठेवलंनी?” गुऱ्हाळावर मुलांनी हात कोपरापर्यंत चिकट करून घेतले. सगळं छान चाललं होतं.

संध्याकाळी मुलं जेवून परत आली. सातवीतली अस्मिता नळावर उभी राहून पाणी पीत होती, पीतच होती. बाईंच्या ते लक्षात आलं.

“काय जेवलीस गो?”

“भाकरी.”

“खयं बसून?” बाईंचं आजोळ तळकोकणातलं. मन हललं की तिकडचा शब्द येई.

“ओट्यावर.”

“आणि तुझ्या जोडीची रेश्मा?”

“ती आत.” अस्मिता नळ बंद करायला वळली. “त्या काकींनी आडनाव विचारलंनी.”

अस्मिता आमच्या गावच्या बौद्धवाडीतली. बाईही त्याच वाडीतल्या. माझं डोकं सणकलं. त्या घरी आत्ता जाऊन विचारतो, असं म्हणून मी चपला घातल्या.

“बसा, गुरुजी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही भांडाल आणि परत याल. पोरगी मात्र जन्मभर म्हणेल, माझ्यापायी भांडण झालं.”

त्यांनी अस्मिताला समोर बसवलं, तिची वेणी सोडली, आणि सावकाश विंचरून पुन्हा घातली.

सकाळी माझ्या मित्राला त्यांनी सरळ सांगितलं, “आजपासून मुलं शाळेत जेवतील. शिधा गावाचा, स्वयंपाक माझा. कारण तुम्हाला सांगते, गावाला तुम्ही हवं तर सांगा.” मित्राची मान खाली गेली. गावात त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण दुपारपर्यंत पीठ, वांगी, शेंगदाणे येऊन पडले, आणि मदतीला चारपाच बायकाही आल्या. त्यांत त्या काकी होत्या. धिप्पाड बाई, डोईवर पदर, हातात भाकरीची चळत.

“आमच्याकडं यायच्या होत्या दोघी,” त्या दारातूनच म्हणाल्या.

“आता सगळ्याच तुमच्याकडं,” बाई म्हणाल्या. “या, तुम्हीच वाढा.”

काकी वाढायला लागल्या. अस्मितासमोर आल्यावर त्यांचा हात थांबला. अस्मिताने ताट उचलून पुढे धरलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काकींनी भाकरी ठेवली. मग थोडं थांबून कालवण वाढलं, आणि पुन्हा वाढलं. बाईंनी शेवटी त्यांना ताट दिलं तेव्हा मात्र “माझं झालंय घरी” म्हणून त्या निघून गेल्या. बाईंनी आग्रह केला नाही.

फेब्रुवारीत त्यांची मुलं आमच्याकडे आली. गाडीतून मुलांपाठोपाठ काकी उतरल्या. मुलींबरोबर कोणीतरी बाईमाणूस हवं होतं, त्या आपण होऊन तयार झाल्या, असं मित्र म्हणाला.

मला धास्ती वाटली. बाईंना वाटली नाही. त्या काकींजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “माझ्या घरी चला. घर बौद्धवाडीत आहे. नको वाटलं तर शाळेत गादी घालून देते, त्याचा मला राग येणार नाही.”

काकी पिशवी हातात धरून फाटकापाशी उभ्या राहिल्या. मुलं घरोघरी गेली, ड्रायव्हरने तोंड धुतलं, तरी त्या उभ्याच. बाईही उभ्या. मग काकींनी पिशवी काखेत मारली. “चला. कुठल्या बाजूला?”

त्या रात्री बाईंकडे बांगड्याचं कालवण होतं. काकींना मासा कसा खायचा ते माहीत नव्हतं. बाई काटे काढून काढून मासा त्यांच्या ताटात ठेवत होत्या, लहान मुलाला भरवावं तसं. मी समोरच जेवत होतो. एकदा काकींचा घास तोंडाशी थांबला. “त्या दिवशी पोरगी उपाशी उठली का हो?” त्यांनी विचारलं.

“अर्धपोटी,” बाई म्हणाल्या. खोटं बोलून त्यांनी काकींची सुटका केली नाही. फक्त ताटात आणखी एक तुकडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर घाटावरची मुलं समुद्राचं पाणी चाटून खारट तोंडं करत होती. काकी लाटेला घाबरून मागे मागे सरत होत्या. अस्मिता कधी त्यांच्याजवळ गेली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा एवढी मोठी बाई त्या मुलीचा हात घट्ट धरून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि प्रत्येक लाटेला ओरडत होती.

पुढे दर वर्षी गाड्या येत-जात राहिल्या. घाटावरच्या त्या गावात मुलं पुन्हा घरोघरी जेवायला लागली, पण कोण कोणाकडे जेवणार याची यादी करायला बाई बसत नसत. काकीच ठरवत, आणि अस्मिताच्या वाडीतल्या मुली हक्काने आपल्या घरी नेत.

बाई निवृत्त झाल्या. मुंबईला मुलाकडे जाऊन आठ दिवसांत परत आल्या. “तिथं कोणाकडं पाहुणं म्हणून जाता येत नाय, सगळ्यांची दारं बंद,” म्हणाल्या. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना कावीळ झाली. आम्हाला वाटलं, उतरेल. उतरली नाही.

बाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी घरी माणसं जमली होती. मी अंगणात खुर्च्या मांडत होतो. तिन्हीसांजेला वाडीच्या पायऱ्या चढून काकी आल्या. थकल्या होत्या, पाय सुजले होते. तीन गाड्या बदलून एकट्या आल्या होत्या.

त्या बाईंच्या फोटोसमोर खूप वेळ बसल्या. मग उठून आत गेल्या आणि बाईंच्या सुनेला विचारलं, “सकाळपासून काय खाल्लंस?” काकींनी पदर खोचला, पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं, आणि परात कुठे आहे ते न विचारता मांडणीवरून काढून घेतली.

दापोलीला शेतकीचं शिकणारी अस्मिता सुट्टी काढून आली होती. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी बाहेर अंगणात होतो. थोड्या वेळाने आतून भाकरी थापण्याचा आवाज यायला लागला, आणि बसलेली माणसं एकेक करून हात धुवायला उठली.