भंवरीबाईंचा ओटा

शेलूबाजारात आमच्या समोरच भंवरीबाईंचं बंद पडलेलं कापड दुकान आहे. नवरा गेला, मुलगा पुण्याला. त्या सूर्य मावळायच्या आत जेवतात, मग पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी त्यांना चहाला बोलवायचीही सोय नाही.

यंदा जिल्हा परिषद शाळेत वाचनाची सरकारी चाचणी होती. रोज घरी कुणाला तरी धडा मोठ्यानं वाचून दाखवा, असं गुरुजींनी मुलांना सांगितलं. शेजारच्या यूसराची अम्मी शिलाई मशीनवर असायची, म्हणून चौथीतली यूसरा दिवेलागणीला भंवरीबाईंच्या ओट्यावर येऊन वाचू लागली. तिचा आवाज माझ्या दारापर्यंत यायचा.

चाचणी झाली, निकाल लागला. यूसरा धावतच आली. "दादी, मी शाळेतून पयली! आता वाचन बंद."

"पयली काहून?" भंवरीबाई म्हणाल्या. "नदीच्या धड्यात तर तू अजून अडखळून राह्यली."

यूसरानं तिथंच पुस्तक उघडून अख्खा धडा न थांबता वाचला. "कुठी अडखळली, सांगा बरं?"

यूसरा हसत घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंवरीबाई ओट्यावर एकट्याच दिसल्या. मी हाक मारली, "या ना, बसा जरा."

"तू चहा पेशील, अन् मी तुह्या तोंडाकडे पाहत बसू काय?" त्या हसल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. बाजारातले दिवे आत्ता कुठे लागत होते.