चौतीस बाटल्यांची लेबलं

सरांनी चिमटा मागवला आणि माझं लेबल बाटलीवरून सोलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग दुसरं. अशी चौतीस. अख्खी बॅच बघत होती.

सत्तरचं दशक. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अक्षर चांगलं म्हणून सेंद्रिय रसायनांची लेबलं सरांनीच मला लिहायला दिली होती. आधी वहीत यादी केली, मग लिहिली. वर नाव, खाली संक्षिप्त रचनासूत्र. बंधांच्या रेघा नाहीत, सगळं एका ओळीत, फांदी कंसात. मागं सुकलेला डिंक. सगळे लावतात तशी जिभेनं ओली करून चिकटवली.

माझ्या टेबलावरच्या मुलीनं ते पाहिलं. तिच्या घरची कृष्णाकाठी ऊसबागायत, माझं घर गावकुसाबाहेर. "शी, थुंकी लावलीय हिनं," म्हणाली. तीही तिची लेबलं तशीच लावायची. बाटलीला हात न लावता ती सरांकडं गेली.

सर म्हणाले, "लिहायला सांगितलं होतं. चाटायला नाही."

बॅच हसली. शिपायानं बाटल्या सोड्यानं घासल्या.

नवी लेबलं तिनं लिहिली. प्रोपेनॉलच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर CH₃CH₂CH₂OH हवं, दुसरीवर CH₃CH(OH)CH₃. तिनं दोन्हींवर C₃H₇OH लिहिलं. OH कुठल्या कार्बनवर, ते गेलंच. पुढच्या आठवड्यात कुणाचीच चाचणी जुळेना. चुकीची बाटली चालली, माझी थुंकी नाही. मला किळस आली. त्या सगळ्यांची.

सरांनी बोलावलं. "परत लिहून दे. चिकटवायला शिपाई आहे."

"लिहिणार नाही," मी म्हटलं.

"जर्नलवर सही पाहिजे ना?"

माझं जर्नल त्यांच्या हातात होतं. बोट जिभेला लावून ते पानं उलटत होते. एकेक पान. त्यांची थुंकी माझ्या अक्षरावर. मी जर्नल त्यांच्या हातातून काढून घेतलं.

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे. वडील कोयनानगरला धरणावर मजूर. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लिवून टाक की गं. वरीस जाईल."

"जाऊ दे, आबा."

वर्ष गेलं.

जूनमध्ये मी पुन्हा त्याच वर्गात बसले, त्याच सरांसमोर, पहिल्या बाकावर. ठरवूनच बसले. ज्याला मी चालत नाही, त्याच्या बाटल्यांना माझं अक्षर मिळणार नाही. एक ओळसुद्धा नाही.