आईने पुसायला लावलेले फोटो

काल मोबाइलवर ‘जागा भरली’ असं दिसलं आणि दिग्रसच्या घरातला जुना, घरघरणारा कॉम्प्युटर आठवला. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात मावत नव्हता, म्हणून मी मावशीचे धूसर फोटो पुसायला घेतले. मावशी जाऊन वर्ष झालं होतं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “कायले पुसून राह्यला? हासत होती माही बहीण, म्हणून फोटो हालले.”

“मंग काय काढू?”

“माहे काढ.”

आईचे फोटो तर स्वच्छ होते. मी गोंधळलो. शेवटी आईचेच पुसले.

आता आई नाही. व्हिडिओत ती आहे, पण पाठमोरी, पंगतीत वाढताना. तिचं ऐकलं ते बरोबर होतं का, मला अजून कळत नाही.