ओदेलूनं लिहून ठेवलेले चेहरे

बोल्लम ओदेलूनं पंचवीस वर्षं कोळशाच्या खाणीत हवा मोजली. कुठल्या बोगद्यात वारा किती खेळतो, कुठे कोंडतो, कुठे माणसाला घेरी येईल, हे बघत फिरायचं आणि वर येऊन वहीत लिहायचं, हे त्याचं काम. सेहेचाळिसाव्या वर्षी काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि शेवटी नळीतून पाहावं तेवढंच उरलं. त्या नळीतून तो वर्षभर बायकोकडे बघत होता. मग तेही संपलं.

कंपनीनं घरी बसवलं. गोदावरीखनीतल्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर होतं, तिथे तो ओट्यावर बसून राहू लागला. येणारे जाणारे पहिले काही दिवस थांबले, बोलले. मग "काय ओदेलन्ना, बरंय ना?" एवढंच चालता चालता विचारू लागले, आणि तो उत्तर देईपर्यंत पुढे गेलेले असायचे.

दोन वर्षांनी कुणीतरी हैदराबादेतल्या अंधांच्या संगणक वर्गाचं सांगितलं. ओदेलू तिथे तीन महिने राहिला. शिकवणारे अबूबकर सर स्वतः जन्मांध. संगणकात बोलणारा आवाज कसा घालायचा, माऊसला हात न लावता नुसत्या कळांवर सगळं कसं चालवायचं, हे त्यांनी त्याला शिकवलं. परत येताना ओदेलूनं एक जुना संगणक आणला आणि खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. त्यातला आवाज तेलुगू वाचायचा, पण असा, की स्वरूपाला, त्याच्या बायकोला, सुरुवातीला हसू आवरेना.

"हा तुमचा माणूस नाकात बोटं घालून बोलतो की काय?" ती म्हणायची.

"बोलतो ना, बास. तू वाचून देणारेस का मला रोज?"

"मला कुठे एवढं वाचता येतं."

"मग हसू नकोस त्याला."

हळूहळू लोक येऊ लागले. खाणीत नवरा गेलेल्या बायका, पेन्शन अडकलेले म्हातारे. ओदेलू त्यांचे अर्ज लिहून द्यायचा, स्वच्छ, एकही चूक नाही. आंधळ्याकडून अर्ज लिहून घ्यायचा म्हणून आधी हसलेले लोक सकाळी ओट्यावर नंबर लावून बसू लागले. स्वरूपा त्यांना ताक द्यायची.

पण अर्जांसाठी संगणक घेतला असं लोकांना वाटायचं, ते खरं नव्हतं. दुपारी दार लोटून घेतलं की ओदेलू दुसरंच लिहायचा. डोळे जाऊन तीन-चार वर्षं झाल्यावर त्याला एक गोष्ट जाणवली होती, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. आठवणीतले चेहरे पुसट होत होते. आईचं कपाळ आठवायचं, पण हनुवटी येईना. मुलगी मौनिका चौदा वर्षांची असताना त्यानं तिला शेवटचं नीट पाहिलं होतं. आता तिचं लग्न होऊन ती मंचेरियालला नांदत होती, आणि तिचा आवाज ऐकला की जुना चेहरा आणखी मागे सरकायचा. म्हणून त्यानं लिहायला घेतलं. एकेका माणसाची एकेक फाइल. आईची. मौनिकाची. कोमुरय्यासारख्या, खाणीत बरोबर काम केलेल्यांची, त्यातले कितीतरी आता नव्हते. हसताना कुणाचा कुठला दात दिसायचा, कोळशानं काळं झालेलं तोंड धुतल्यावर कानामागे काळी रेघ कशी राहायची, सगळं. फोल्डरला नाव दिलं होतं 'दिसलेलं'. सगळ्यात मोठी फाइल स्वरूपाची होती. सगळं मिळून दोन वर्षांत दोनशेवर पानं झाली.

तेलंगण वेगळं व्हायच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. एका दुपारी आवाज वाचता वाचता मध्येच एका अक्षरावर अडकला आणि 'र्र्र्र' असा घरघरत राहिला. मग टुक करून आवाज झाला, पंखा थांबून पुन्हा सुरू झाला आणि संगणक पहिल्यापासून उठू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आठवडाभरात रोजचं झालं.

शेजारी इलय्या राहायचा. खाणीवरचा निवृत्त टाइमकीपर. नात्याचा नव्हता, पण ओदेलू त्याला बावा म्हणायचा आणि मेहुण्यासारखी त्याची थट्टा करायचा. ओदेलूनं त्याला बोलावून पडद्यासमोर बसवलं.

"बावा, आता बंद पडेल तेव्हा काय दिसतं ते सांग."

घरघर सुरू झाली.

"निळं झालं," इलय्या म्हणाला.

"निळं झालं, बरं. लिहिलंय काय?"

"इंग्रजी आहे."

"इंग्रजीच असणार. वाच की."

"वाचणार होतो, तेवढ्यात गेलं."

"तीस वर्षं कामगारांच्या हजेऱ्या वाचल्यास ना तू?"

"हजेरी पळून जात नव्हती, बाबा."

मग ओदेलूनं स्वतःच्या पद्धतीनं शोध घेतला. सकाळी सहाला संगणक लावला तर चाळीस मिनिटं चालायचा, दहाला पंधरा मिनिटं, दुपारी दोनला पाच. घड्याळ बोलणारं होतं, त्यानं चार दिवस मोजून पाहिलं. ऊन चढेल तसा दम कमी. त्यानं संगणकाच्या डब्याच्या मागे हात धरला. हवा येत होती, पण किती कमी. जन्मभर त्यानं हेच तर केलं होतं. त्यानं स्क्रू काढून डब्याचं एक पान उघडलं आणि बोटं आत घातली. पंख्याच्या पात्यांवर कोळशाची भुकटी बसून लोकरीसारखी झाली होती. आमच्या गावात घरातलं काहीही उघडा, हीच भुकटी निघते. त्यानं सायकलच्या पंपानं सगळं झाडलं. स्वरूपा खोकत बाहेर पळाली. टेबलावरचा पंखा त्यानं उघड्या डब्याकडे तोंड करून ठेवला.

त्या दिवशी संगणक सलग तीन तास चालला.

"हवेचा माणूस आहे मी," तो इलय्याला म्हणाला. "बोगदा काय आणि हा डबा काय."

"मग खाणीवाले तुला परत बोलावतील," इलय्या म्हणाला.

आठवडा चांगला गेला. त्यानं अबूबकर सरांना फोन करून आपली हुशारी सांगितली. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओदेलू, धुळीनं झालं असेल तर उत्तम. पण आधी लिहिलेलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून ठेव. आजच."

पेन ड्राइव्ह मौनिकानं नेला होता, लग्नाचे फोटो धुवायला. ओदेलूनं तिला फोन केला.

"नाना, शनिवारी येतेय ना मी, घेऊन येते. काही घाई आहे का?"

"नाही गं, घाई कसली," तो म्हणाला.

बाजारात दुसरा मिळाला असता. स्वरूपाला सांगितलं असतं तर भाजी आणताना तिनं घेतला असता. त्यानं सांगितलं नाही. आपण दुरुस्त केलंय, याची त्याला खात्री होती.

गुरुवारी घरघर परत आली. या वेळी पंखा सुरू होता, धूळ नव्हती. सरांनी फोनवर एकेक कळ सांगून आपोआप पुन्हा सुरू होणं बंद करायला लावलं, म्हणजे निळा पडदा तसाच थांबेल. तो थांबल्यावर इलय्यानं नाक लावून एकेक अक्षर वाचलं, आणि ओदेलूनं ते फोनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. निम्म्याहून जास्त शून्यंच होती. सर म्हणाले, मेमरी असेल, नाहीतर वीज देणारा डबा. ओदेलूनं मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासून परत बसवली. दोनदा. शुक्रवारी सकाळी संगणकाचा आवाज उमटायच्या आधीच तो बंद पडू लागला. मौनिका शनिवारी आली, पेन ड्राइव्ह हातात घेऊन, तेव्हा त्यात भरायला काही मिळेना.

चौरस्त्यावर नरहरीचं दुकान होतं. इलय्या आणि ओदेलू रिक्षातून संगणक घेऊन गेले. नरहरी भला माणूस. त्यानं ओदेलूला खुर्ची दिली, चहा मागवला.

"त्यात माझं लिखाण आहे," ओदेलू म्हणाला. "आधी ते काढून ठेव, मग काय हवं ते कर."

"अन्ना, काळजी सोड. डेटाला हात नाही लावत आपण."

"दिसलेलं नावाचं फोल्डर आहे."

"हो हो, दिसेल मला," नरहरी म्हणाला.

सोमवारी संगणक घरी आला. नरहरीनं स्वतः आणून तारा जोडून दिल्या. वीज देणारा डबाच बिघडला होता, उन्हानं तापला की दम सोडायचा; तो बदलला, आणि सगळं झटकून नवं करून दिलं, असं सांगून तो घाईत निघून गेला. ओदेलूनं बटण दाबलं. पंखा सुरू झाला, एकसारखा, छान. तो आवाजाची वाट बघत बसला. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

"पुन्हा बंद पडला," तो म्हणाला.

स्वरूपा चुलीपासून उठून आली. "नाही हो. चालू आहे. डोंगराचं चित्र दिसतंय, हिरवं."

"चित्र?"

"हो. आणि खाली छोटी छोटी चित्रं आहेत, गाण्यांची वाटतात."

त्यानं ओळखीच्या कळा दाबल्या. काही बोललं नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो हातानं टेबलाची कड धरून बसला. स्वरूपानंच इलय्याला हाक मारली आणि इलय्यानं नरहरीला फोन लावला.

"डी ड्राइव्हला बोटसुद्धा लावलं नाही मी," नरहरी म्हणत होता. "लोक डेटा डीमध्येच ठेवतात, अन्ना. सी तर साफ करावाच लागतो. फोल्डर कुठे होतं?"

"डेस्कटॉपवर," ओदेलू म्हणाला. तिथे ते एका कळीवर सापडायचं. डेस्कटॉप म्हणजे सी, हे त्याला माहीत होतं, पण नरहरीला सांगायचं सुचलं नव्हतं.

पलीकडून नरहरी म्हणाला, "मला ते तेलुगू नाव दिसलं होतं. वाटलं, सिनेमे असतील."

सरांनी सांगितलं, आता त्याला चालूच करू नका, आतली डिस्क काढून हैदराबादला घेऊन या. ओदेलू आणि स्वरूपा बसनं गेले. डिस्क तिनं साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत मांडीवर धरली होती. गेलेलं परत काढणारा एक माणूस सरांच्या ओळखीचा होता. त्यानं दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, नावं मिळालीत, बघा.

सरांच्या संगणकावर ओदेलू बसला. आवाज नावं वाचू लागला. अम्मा. मौनिका. कोमुरय्या. स्वरूपा. त्यानं अम्मा उघडली.

"प्रश्नचिन्ह," आवाज म्हणाला. "प्रश्नचिन्ह, चौकोन, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह."

त्यानं खालची ओळ घेतली, मग शेवटची. प्रश्नचिन्ह, चौकोन. मौनिकाची उघडली, तीही तशीच. सगळ्या चाळीस-पन्नास फाइली त्यानं उघडल्या. अबूबकर सर शेजारी बसून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "यावर त्या दुकानदारानं गाणी भरली ना, त्यात ते दबून गेलं. राहू दे आता, ओदेलू."

परतीच्या बसमध्ये स्वरूपानं विचारलं, "माझंही होतं त्यात?"

"होतं."

"काय लिहिलं होतंत?"

तो आठवू लागला. लिहिताना त्याला ती स्पष्ट दिसत होती, लग्नातली, मौनिका झाली तेव्हाची, त्या नळीतून बघितलेल्या शेवटच्या दिवसांतली. आता शब्दही येईनात आणि चित्रही येईना. लिहून झालंय म्हटल्यावर त्यानं मनात धरून ठेवणं सोडून दिलं होतं.

"नाक," तो म्हणाला, "नाकाबद्दल होतं काहीतरी."

करीमनगर आलं तेव्हा ती म्हणाली, "मी सांगते ना कशी होते ते. तुम्ही परत लिहा."

"तू सांगशील ते तू आरशात पाहिलेलं. मी पाहिलेलं हवं होतं."

"मग नकोच," ती म्हणाली, आणि तिनं भाकरीचा डबा उघडून त्याच्या हातात घास दिला.

आठवड्यानं सरांनी फोनवरून, इलय्याचे डोळे आणि ओदेलूची बोटं वापरून, आवाज पुन्हा बसवून दिला. नरहरी एकदा घरी येऊन गेला. ओट्यावर बसला, ताक प्यायला. ओदेलू त्याला म्हणाला, "डबा चांगला बसवलास, आता तापत नाही." नरहरीला ते टोचलं असणार, पण ओदेलू टोमणा मारत नव्हता.

एका दुपारी दार लोटून त्यानं नवी फाइल उघडली. आईपासून सुरुवात केली. एक ओळ लिहिली, आवाजाकडून वाचून घेतली. आईचे केस असे होते का, की हे आपण आत्ता रचलं? त्याला ठरवता येईना. ओळ पुसून दुसरी लिहिली. तिचंही तेच. पाऊण तास तो लिहीत आणि पुसत बसला, आणि त्या पाऊण तासात संगणक एकदाही थांबला नाही. शेवटी त्यानंच तो बंद केला.

अर्ज मात्र तो अजून लिहितो. सकाळी बायका येतात, नवऱ्याचं नाव सांगतात, तो लिहितो. त्यातल्या काही नवऱ्यांबरोबर त्यानं खाणीत वर्षानुवर्षं डबा खाल्लेला असतो. "तुम्ही तर ओळखत होतात त्यांना, अन्ना," बाई म्हणते. "हो, ओळखत होतो," तो म्हणतो, आणि जन्मतारीख विचारतो.