तारीख मागची पाह्यजे म्हणे!

दुकानदार भावांनो-बहिणींनो, आज माह्या जिवाले लय थंडक भेटली.

अनसिंगले माहं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय. दोन वर्षांआधी एका ठेकेदाराच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देली अन् वहीच्या पानावर बिल लिवलं. त्यानं ते चार लोकायसमोर हवेत धरलं. "हे बिल हाय का किराण्याची चिठ्ठी?" कधी नंबर नाही, कधी तारीख नाही म्हणून त्यानं मले पैशासाठी तीन चकरा मारायले लावल्या.

तवाच मी बिलबुक छापून घेतलं. दर पानावर छापील नंबर.

आज तोच दुकानात उभा. "ताई, काल भरून नेलेल्या मोटारीचं बिल द्या. फक्त 'नवी मोटार' लिवा अन् तारीख मार्चची टाका, मले मागच्या वर्षाच्या हिशोबात नवी घेतली असं दाखवाचं हाय."

म्या म्हटलं, "भाऊ, मार्चचे नंबर मार्चातच गेले. पक्कं बिल कसं असते, तुमीच तं शिकवलं!"

मी लिवलं, 'जुनी मोटार भरली.' आजची तारीख, सही, शिक्का. त्याचं तोंड एवढंसं झालं. "उद्या येतो, विचार करा," म्हणून गेला.

माह्या तीन चकरा झाल्या होत्या. त्याची आज एकच झाली.

बाकीच्या दोनमंधी सूट देऊ काय?