बादलीतला समुद्र

तमिळ मुलखात नोकरीला असताना वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणारा नागपूरचा पोरगा आयटीत नोकरीला होता, पण ओळख करून देताना स्वतःला गायक म्हणायचा. कॉलेजातला बँड सोडून तो एकटा गाऊ लागला होता. त्याला तो ‘सोलो करिअर’ म्हणे. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जायला मी पहाटे निघायचो, तेव्हा हे करिअर घोरत पडलेलं असायचं.

पहिल्या सीडीत नुसती गिटार आणि एकटेपणाची मराठी गाणी. एकटेपणा कसला? आईचा रोज फोन यायचा आणि याची भांडी मी घासायचो. तरी ती गाणी निदान कानाला सोसवत होती.

मग दुसऱ्या सीडीसाठी लॅपटॉप आला. ठोके यंत्राचे, शब्द इंग्रजी, आवाज नाकाला चिमटा लावल्यासारखा.

“हे कुठलं इंग्रजी?” मी विचारलं.

“माझा साउंड बदलतोय. तुला नाही कळायचं.”

पुढे त्याला मातीतला सूर हवासा वाटू लागला. म्हणून एका रविवारी समुद्र आणि होड्या रेकॉर्ड करायला आम्ही बसने जवळच्याच कोवलम नावाच्या कोळ्यांच्या गावी गेलो. तो माईक धरून मासळीच्या पाट्यांमध्ये उभा राहिला. तिथल्या बाईने मला तमिळमध्ये विचारलं, “हा मासे घेणार आहे का? नाहीतर बाजूला व्हायला सांग.” तिने मध्येच बोलून टेक बिघडवला म्हणून साहेब परतताना बसमध्ये फुगून बसले.

घरी येऊन ऐकलं, तर नुसता वारा फडफडत होता. त्याने बाथरूममध्ये बादली भरली, माईक धरला आणि मला हाताने पाणी हलवायला लावलं. तिसऱ्या सीडीतला समुद्र तो हा.

एका वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं, की या गायकाच्या सुरांत आता किनाऱ्याचा खारटपणा उतरलाय. ते त्याने मला गंभीरपणे वाचून दाखवलं.

“टँकरचं पाणी होतं ते,” मी म्हणालो.

“कलेत असं बघायचं नसतं.”

एकदा संध्याकाळी वीज गेली असताना तो तांदूळ धुता धुता काहीतरी गुणगुणत होता. साधी, वऱ्हाडी वळणाची चाल होती. मी दारातच थांबलो.

“हे रेकॉर्ड कर की.”

“हे? हे तर आई पण गाते,” तो तुच्छतेने म्हणाला.

तेवढं एकच त्याचं स्वतःचं होतं, आणि तेच त्याला नको होतं.

नंतर तो बंगळूरला गेला आणि एका शाम्पूच्या जाहिरातीत गायला. ती लागली की मी टीव्हीचा आवाज बंद करायचो.